अहवालात स्फुरद 'जास्त', तरी सोयाबीन पिवळं का? चुनखडीच्या जमिनीत मुळाभोवती काय घडतं

एका शेतकऱ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम ते भारी काळी जमीन, सामू (पीएच) ८.३, मुक्त चुना ११ टक्के, सेंद्रिय कर्ब ०.४८ टक्के. उपलब्ध स्फुरद (फॉस्फरस) हेक्टरी ३१ किलो, माती परीक्षण अहवालात त्यापुढे 'जास्त' असा शेरा. पालाश (पोटॅश) भरपूर, लोह ३.१ पीपीएम (दहा लाख भागांत ३.१ भाग), जस्त ०.५ पीपीएम. सोयाबीनला दरवर्षी एकरी एक पोतं डीएपी (नत्र-स्फुरदाचं खत). यंदा झड लागली आणि पंचविसाव्या दिवसापासून शेंड्याची पानं पिवळी पडू लागली, शिरा मात्र हिरव्या. दुकानातल्या सल्ल्यावरून एकरी २ किलो पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) शेणखतात कालवून फेकलं, ४ किलो मायकोरायझा (मुळांसोबत जगणारी उपयोगी बुरशी) दिलं, वरून अर्धी गोणी युरिया. फरक पडला नाही, उलट युरियानंतर पिवळेपणा वाढला. बियाण्याला रायझोबियम (मुळांवरच्या गाठींत राहून पिकाला हवेतलं नत्र देणारे जिवाणू) लावलं होतं, पण बुरशीनाशकासोबत एकत्र कालवून. आता विचारणा अशी की जमिनीत एवढं स्फुरद असताना पीक उपाशी का, आणि जिवाणू खतं सगळी फसवी असतात का.

पीक उपाशी आहे हे खरं, पण स्फुरदासाठी नाही. स्फुरद कमी पडलं तर सोयाबीन पिवळं होत नाही. रोप खुरटं राहतं आणि पान गडद, निळसर हिरवं दिसतं. नत्र कमी पडलं तर खालची जुनी पानं आधी पिवळी होतात, तीही शिरांसकट, कारण झाड तिथलं नत्र काढून शेंड्याला पाठवतं. लोह असं जुन्या पानातून नव्या पानात हलत नाही. म्हणून शेंडा पिवळा, शिरा हिरव्या आणि खालची पानं ठीक, हे चित्र लोहाच्या कमतरतेचं. फक्त एक शंका आधी फेडून घ्या. पिवळेपणा शिरांच्या मधोमध एकसारखा नसून वेडेवाकडे पिवळे-हिरवे डाग असतील, एक झाड पिवळं आणि शेजारचं हिरवंगार असेल आणि पानाखाली पांढरी माशी असेल, तर तो पिवळा मोझॅक विषाणू आहे. त्याला खतात उत्तर नाही. लोहाची कमतरता बहुधा सखल भागात, पाणी थबकतं तिथे, पट्ट्यापट्ट्याने दिसते.

म्हणजे पीएसबी आणि मायकोरायझा ही दोन्ही औषधं जो आजार नव्हताच त्यासाठी दिली गेली. ती खोटी होती की खरी, हे या शेतावरून ठरवताच येणार नाही. तरीही ती जिथे खरोखर लागतात तिथे कशी चालतात आणि इथे का चालली नसती, हे समजून घ्यायचं तर मुळाभोवतीचा व्यवहार आधी बघावा लागतो.

मूळ आणि माती यांचा संबंध फार थोड्या जागेत येतो

वरच्या थरातल्या मातीच्या आकारमानात मुळांनी व्यापलेली जागा एक टक्क्याहूनही कमी असते. बाकीच्या नव्याण्णव टक्के मातीतलं अन्न मुळापर्यंत चालत यावं लागतं. नायट्रेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि गंधक हे पाण्यासोबत वाहत येतात. पानं पाणी ओढतात तसं हे मुळाकडे सरकतं. स्फुरद, पालाश आणि जस्त यांचं तसं नाही. मातीतल्या पाण्यात विरघळलेलं स्फुरद इतकं विरळ असतं की पाण्याबरोबर येणाऱ्या वाट्यातून पिकाची गरज भागत नाही. ते जास्तीकडून कमीकडे, अगदी सावकाश पसरत येतं. दिवसाला मिलिमीटरच्या लहानशा अंशाइतकं. त्यामुळे मुळाभोवती एक-दोन मिलिमीटर जाडीचा पट्टा काही दिवसांत रिकामा होतो आणि चार मिलिमीटरवरचं स्फुरद तिथेच बसून राहतं. केशमुळं हा रिकामा पट्टा ओलांडायला मदत करतात, पण त्यांची लांबीही मिलिमीटरभर किंवा त्याच्या आसपास.

या अरुंद पट्ट्यातली माती बाकीच्या शेतापेक्षा वेगळी वागते, हे जर्मनीत लॉरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्येच मांडलं होतं. त्यांचा विषय द्विदल पिकं आणि त्यांच्या गाठी हाच होता. नॉबे आणि हिल्टनर यांनी १८९६ मध्ये 'नायट्राजिन' नावाने रायझोबियमचं पहिलं जिवाणू खत बाजारात आणलं. म्हणजे हे तंत्र नवं नाही आणि गूढ तर अजिबात नाही.

पट्टा वेगळा का वागतो? साखरेमुळे. तृणधान्यं पानांत तयार झालेल्या कर्बापैकी साधारण २० ते ३० टक्के जमिनीखाली पाठवतात. त्यातला काही मुळांच्या वाढीत जातो, काही मुळांच्या श्वसनात जळतो आणि उरलेला शर्करा, अमिनो आम्लं, सेंद्रिय आम्लं, चिकट द्रव आणि गळून पडलेल्या पेशी या रूपात मातीत सुटतो. काळ्या मातीत जिवाणूंची खरी टंचाई खाण्यायोग्य कर्बाची असते, नत्र-स्फुरदाची त्यानंतर. त्यामुळे मुळाला लागून जिवाणूंची संख्या दूरच्या मातीपेक्षा दहापट ते शंभरपट होते.

इथे एक गैरसमज नेहमी भेटतो: जिवाणू वाढले की पिकाला अन्न मिळालंच. जिवाणू स्वतः नत्राचे मोठे गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या शरीरात कर्ब-नत्राचं प्रमाण साधारण ५ ते ८ ला १ असतं, म्हणून वाढताना ते मुळाच्या तोंडचं नत्रही ओढून घेतात. ते नत्र सुटतं जिवाणूंना खाणाऱ्या आदिजीवांमुळे आणि सूत्रकृमींमुळे. खाल्लेल्यातला बराच कर्ब ते श्वसनात जाळतात, मग नत्र त्यांच्या गरजेपेक्षा जास्त होतं आणि अमोनियम म्हणून बाहेर पडतं. सूत्रकृमी म्हटलं की लोकांना फक्त डाळिंब-टोमॅटोच्या मुळांवरच्या गाठी आठवतात, पण जिवाणू खाऊन जगणाऱ्या सूत्रकृमी शेताच्या उपयोगाच्या आहेत. सरसकट सूत्रकृमीनाशक ओतल्याने त्याही जातात.

चुना, बायकार्बोनेट आणि लोह

तुमच्या शेतात लोह कमी नाही. काळ्या मातीत एकूण लोह टक्क्यांत असतं, ३.१ पीपीएम ही फक्त डीटीपीए या तपासणीच्या द्रावणात निघणारी मात्रा. मर्यादा ४.५ पीपीएम धरतात, म्हणून शेरा 'कमी'. आठ-सव्वाआठ सामूला लोह गंजाच्या रूपात घट्ट बसलेलं असतं आणि मुळालाच ते खटपट करून सोडवावं लागतं.

ही खटपट पिकांनुसार दोन तऱ्हेची. सोयाबीन, भुईमूग, हरभरा, द्राक्ष, लिंबूवर्गीय झाडं ही सगळी मुळातून आम्ल सोडतात, भोवतालचा सामू उतरवतात आणि मुळाच्या पृष्ठभागावरच्या विकराने (एन्झाइमने) फेरिक लोहाचं फेरस करून आत घेतात. ज्वारी, गहू, मका, ऊस ही गवतवर्गीय पिकं लोहाला पकडून ठेवणारे रेणू मातीत सोडतात आणि लोहासकट परत ओढून घेतात. जपानमध्ये ताकागी यांनी १९७६ मध्ये हे दाखवलं. सातूत तर हे रेणू सूर्योदयानंतरच्या काही तासांतच भरभरून सुटतात. ही दुसरी तऱ्हा चुनखडीत जास्त टिकते, तरी उसाच्या खोडव्यात केवडा (पानं पिवळी-पांढरी पडणं) पडतोच, कारण खोडव्याच्या सुरुवातीला जुनी मुळं थकलेली असतात आणि नवी अजून फुटायची असतात.

सोयाबीनच्या पहिल्या तऱ्हेचा शत्रू बायकार्बोनेट. मुळं आणि जिवाणू दोघंही श्वसनात कार्बन डायऑक्साइड सोडतात. वापसा (जमिनीत ओल आणि हवा दोन्ही बेताची) असेल तर तो पोकळ्यांतून वर निघून जातो. झड लागली की पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून वायू हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजारपट सावकाश पसरतो. मग तो कोंडलेला वायू, पाणी आणि चुना मिळून कॅल्शियम बायकार्बोनेट तयार होतं. मूळ जेवढं आम्ल सोडतं तेवढं हे बायकार्बोनेट जागच्या जागी मारून टाकतं. सामू उतरत नाही, विकर नीट चालत नाही, लोह आत येत नाही. म्हणूनच तुमचा पिवळेपणा पावसाच्या उघडिपीत नाही, झडीत आला. आणि ऊन पडून वापसा आला की बऱ्याच शेतांत तो आपोआप ओसरतो. वापशानंतर दोन नवी पानं कशी येतात हे पाहण्याआधी घाईने काहीही ओतू नका.

युरियाने का बिघडलं, तेही इथेच कळतं. उबदार मातीत युरियाचं अमोनियम काही दिवसांत होतं आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत बरंचसं नायट्रेट. मूळ अमोनियम घेतं तेव्हा बदल्यात आम्ल सोडतं, नायट्रेट घेतं तेव्हा बायकार्बोनेट. म्हणजे आधीच बायकार्बोनेटने गुदमरलेल्या मुळाभोवती नायट्रेटने आणखी भर घातली. अमेरिकेत नॉर्थ डकोटा-मिनेसोटाच्या रेड नदीच्या खोऱ्यात, तशाच चुनखडीच्या जमिनीत, नायट्रेट जास्त असलेल्या शेतांत सोयाबीनचा हा पिवळेपणा जास्त होतो. तिथे काही जण सोयाबीनमध्ये ओट पेरतात, जास्तीचं पाणी आणि नायट्रेट त्याने पिऊन टाकावं म्हणून, आणि नंतर तो मारतात. शिवाय नायट्रेट मुबलक दिसलं की सोयाबीन गाठी करणं आखडतं घेतं. पिवळ्या सोयाबीनला युरिया हा आपल्याकडचा सर्वांत महाग पडणारा प्रतिक्षिप्त उपाय आहे.

"मग सामूच खाली आणू" असा पुढचा विचार येतो आणि गंधक, ॲसिड, कसल्याकसल्या बाटल्या विकल्या जातात. हिशेब करून बघा. एकराचा वरचा १५ सेंटिमीटर थर साधारण ९ लाख किलोचा. त्यात ११ टक्के चुना म्हणजे ९९ टन. तेवढा चुना मारायला सुमारे ३२ टन गंधक लागेल. एकरी १० किलो गंधक पोषणासाठी छान आहे, सोयाबीनला तेलासाठी ते लागतंच. पण त्याने शेताचा सामू बदलेल ही आशा सोडा. बदल होतो तो दाण्याभोवती, मुळाभोवती, काही मिलिमीटरांत. आपल्या हातात तेवढंच आहे, म्हणून खत फेकण्यापेक्षा ओळीत देण्याला चुनखडीत जास्त महत्त्व.

पीएसबी कुठे चालतं, कुठे नाही

स्फुरद विरघळवणारे जिवाणू प्रयोगशाळेत निवडतात ते बहुतेक पिकोव्हस्काया माध्यमावर. लिटरभर माध्यमात १० ग्रॅम ग्लुकोज आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट. भरपूर साखर खाऊन जिवाणू आम्ल सोडतात, वसाहतीभोवती फॉस्फेट विरघळून पारदर्शक वलय दिसतं. शेतात मोकळं ग्लुकोज नाही आणि आम्ल गिळायला ११ टक्के चुना हजर. एक किलो मातीतला ११० ग्रॅम चुना मारायलाच १०८ ग्रॅम शुद्ध गंधकाम्ल लागेल. जिवाणूंचं आम्ल त्यापुढे किती? मुळाला चिकटून, साखरेच्या झऱ्याशेजारी, थोड्या काळासाठी काही स्फुरद सुटतं, आणि असे बरेच जिवाणू मुळांची फूट वाढवणारी संप्रेरकंही सोडतात. पीएसबीचे जे चांगले परिणाम दिसतात त्यात या दुसऱ्या गोष्टीचा वाटा बराच असावा असं माझं मत.

संख्येकडेही बघा. खत नियंत्रण आदेशानुसार पावडर स्वरूपातल्या जिवाणू खतात ग्रॅममागे किमान ५ कोटी जिवंत जिवाणू हवेत, द्रवरूपात मिलिलिटरमागे १० कोटी. दोन किलो पावडर म्हणजे १०० अब्ज. आकडा डोळे दिपवतो. पण एकराच्या वरच्या थरात, ग्रॅमला १० कोटी धरले तरी, आधीच असलेले जिवाणू त्याच्या ९ लाखपट आहेत. फेकून दिलेलं पीएसबी या गर्दीत, साखरेपासून दूर, उपाशी मरतं. तेच बियाण्यावर किंवा रोपाच्या मुळाला लावलं तर पहिलं मूळ फुटताच त्याच्या तोंडाशी साखर असते. जिवाणू खतांचं निम्मं यश या एका गोष्टीवर ठरतं: ते मुळाच्या आधी तिथे पोचलं का.

आणि तुमच्या शेतात तर स्फुरदाची गरजच भागलेली. हेक्टरी ३१ किलो म्हणजे साधारण १४ पीपीएम. ऑल्सन पद्धतीने (अशा जमिनीतलं उपलब्ध स्फुरद मोजण्याची रीत) १० पीपीएमच्या वर बहुतेक पिकं वाढीव स्फुरदाला फारसा प्रतिसाद देत नाहीत. एक पोतं डीएपी २३ किलो स्फुरद देतं, दहा क्विंटल सोयाबीनचे दाणे साधारण १२ ते १५ किलो घेऊन जातात. उरलेलं दरवर्षी साठत गेलं.

मायकोरायझाचं गणित याहून सरळ आहे. या बुरशीचे तंतू केसाहून कितीतरी बारीक, जाडी काही मायक्रॉन, पण मुळापासून कित्येक सेंटिमीटर दूर जातात आणि तो दोन मिलिमीटरचा रिकामा पट्टा ओलांडून स्फुरद आणि जस्त आणतात. बदल्यात झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. स्फुरद कमी असेल तेव्हा झाड मुळातून स्ट्रिगोलॅक्टोन नावाचे संकेत सोडतं आणि बुरशी फांद्या फोडते. स्फुरद पुरेसं झालं की झाड हे बोलावणं थांबवतं. जी सेवा नको तिची मजुरी कोण देणार? म्हणून स्फुरद 'जास्त' असलेल्या शेतात मायकोरायझा टाकणं हा विरोधाभास आहे. जस्त आधीच ०.५ पीपीएमवर, म्हणजे ०.६ च्या मर्यादेखाली, आणि जास्तीच्या स्फुरदामुळे पिकाला ते आणखी कमी मिळतं: बुरशी कमी, जस्त कमी.

जाता जाता: हेच स्ट्रिगोलॅक्टोन ज्वारी-उसातल्या टारफुल्याचं (पिकाच्या मुळांवर जगणारं परजीवी तण) बी जागं करतात. या कुळातला पहिला पदार्थ १९६६ मध्ये कापसाच्या मुळांच्या स्रावातून वेगळा केला गेला. कापसाच्या मुळाशी टारफुल्याचं बी रुजतं, पण त्याला कापसावर जगता येत नाही आणि ते मरतं. टारफुल्याच्या शेतात कापूस फेरपालटाला का घेतात, त्यामागे हे आहे. उपाशी ज्वारी जास्त संकेत सोडते, म्हणून हलक्या, खतं न दिलेल्या रानात टारफुला जास्त.

देशी मायकोरायझा बहुतेक शेतांत असतेच. ती कमी होते लांब पडीक ठेवल्याने, वारंवार खोल नांगरटीने तंतूंचं जाळं तुटल्याने, आणि कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी, पालक, बीट अशा पिकांमागून, कारण ही पिकं या बुरशीला थारा देत नाहीत. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या जमिनीत लांब पडीक ठेवलेल्या रानात पुढचं पीक खुरटतं, त्याचं कारण हेच निघालं. विकत घेऊन मायकोरायझा देणं परवडतं ते जिथे बुरशी मुळात नसतेच तिथे: कोकोपीटच्या ट्रेमधली रोपं, ऊतिसंवर्धित केळी, डाळिंबाची कलमं, सौरतापाने निर्जंतुक केलेले वाफे. तिथेही ती मुळाला चिकटली पाहिजे, वरून शिंपडून नाही.

रायझोबियम: खरी चूक इथे झाली

सोयाबीनच्या एक टन दाण्यांमागे पीक साधारण ८० किलो नत्र उचलतं. एकरी दहा क्विंटल काढायचं तर ८० किलो नत्र, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या जवळजवळ चार गोण्या. यातलं निम्मं किंवा जास्त गाठींनी द्यायचं असतं. त्यापुढे पीएसबी आणि बाकी सगळं गौण.

सोयाबीनची गाठ विशिष्ट ब्रॅडीरायझोबियमचीच होते. हरभऱ्याचं किंवा भुईमुगाचं पाकीट चालत नाही. मूळ डेडझीन, जेनिस्टीन असे पदार्थ सोडतं, जिवाणू ओळखून उलट संकेत देतो, केशमूळ त्याच्याभोवती वळतं आणि आत घेतं. उगवणीनंतर आठ-दहा दिवसांत बारीक गाठी दिसतात, नत्र स्थिरीकरण सुरू व्हायला तीनेक आठवडे. मधल्या काळात डाळिंब्यांतलं (बियाच्या दोन दलांतलं) नत्र संपलेलं असतं, म्हणून पंधराव्या ते विसाव्या दिवशी खालून येणारा फिकटपणा बऱ्याचदा आपोआप जातो.

बुरशीनाशकासोबत एका घमेल्यात कालवलेलं रायझोबियम बहुतेक मरतं. थायरम, कॅप्टन आणि तांब्याची औषधं जास्त घातक. क्रम असा ठेवा: आधी बुरशीनाशक, ते वाळल्यावर कीटकनाशक, आणि पेरणीच्या दिवशीच शेवटी जिवाणू. पहिले दोन चार-आठ दिवस आधी उरकले तर उत्तम. रायझोबियम किलो बियाण्याला २५ ग्रॅम. लिटरभर पाण्यात १२५ ग्रॅम गूळ उकळून पूर्ण थंड करा. गरम ओतणारे लोक आहेत. बियाणं ताडपत्रीवर पसरून थोडंसंच द्रावण शिंपडा, पावडर टाकून हलक्या हाताने वर-खाली करा. सोयाबीनचं साल पातळ असतं; चोळलं किंवा ओलं ठेवलं की फुटतं आणि उगवण जाते. सावलीत अर्धा तास सुकवून त्याच दिवशी पेरा. एकरी ३० किलो बियाण्याला ७५० ग्रॅम पावडर म्हणजे बीमागे साधारण दीड लाख जिवाणू. एवढ्या आकाराच्या बियाला लाखभर लागतात. यावरून दिसेल की निम्मी पावडर वापरली किंवा पाकीट दुकानाच्या पत्र्याखाली उन्हाळाभर तापलेलं असलं तर गणित लगेच तुटतं.

कंपनीनेच औषध चोळलेलं रंगीत बियाणं असेल तर बियाण्यावर जिवाणू लावण्याचा आग्रह सोडा. एक किलो रायझोबियम ४०-५० किलो चाळलेल्या, ओलसर, पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून तासात, बियाण्याच्या ओळीत पडेल असं द्या. सुपर फॉस्फेट किंवा डीएपीसोबत एका चाड्यात कधीच नको. दाण्याभोवतीचं तीव्र आम्ल किंवा क्षार जिवाणू मारतात.

बरीच वर्षं सोयाबीन असलेल्या रानात जिवाणू जमिनीत टिकून असतात, त्यामुळे बीजप्रक्रियेचा फरक कधी कधी दिसतही नाही. तरी खर्च इतका कमी की टाळण्याचं कारण नाही.

तपासणी ३५ ते ४० दिवसांनी करा. रोप उपटू नका. उपटलं की गाठी मातीत राहतात आणि "गाठीच नाहीत" असा निष्कर्ष निघतो. शेतात नागमोडी फिरून दहा ठिकाणी, रोपाभोवती २० सेंटिमीटरचा चौकोन कुदळीने खणून ढेकूळ बादलीत भिजवा, माती सुटू द्या. सोटमुळाच्या वरच्या भागात दाटीने गाठी असतील तर बियाण्यावरचं रायझोबियम लागलं. फक्त बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या जमिनीतल्या जिवाणूंच्या. मोठ्या गाठी नखाने फोडा. आतून गुलाबी-लालसर म्हणजे काम चालू, पांढऱ्या म्हणजे निकामी किंवा अजून कोवळ्या, हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेल्या. तो लाल रंग लोहयुक्त हिमोग्लोबिनसारख्या द्रव्याचा, आणि नत्र स्थिर करणाऱ्या विकरातही लोह व मॉलिब्डेनम. म्हणजे लोहाची टंचाई पानालाच नाही, गाठीलाही बसते. झडीत प्राणवायू तुटतो तेव्हा गाठीचं काम वेगळंच थांबतं. यंदा तुमच्या पिकावर हे सगळं एकदम आलं.

आता आणि पुढे

सध्या सर्वांत आधी साचलेलं पाणी काढा. उताराच्या दिशेने आठ-दहा ओळींआड चर. वापसा येताच डवरणी किंवा कोळपणी, वरची पपडी फुटली की कार्बन डायऑक्साइड सुटतो.

नवी पानंही पिवळीच आली तर फवारणी: १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम फेरस सल्फेट आणि १० ग्रॅम सायट्रिक आम्ल. सायट्रिक आधी विरघळवा, मग फेरस सल्फेट, आणि लगेच संध्याकाळी फवारा. द्रावण फिकट हिरवट हवं. तांबूस झालं तर लोह गंजलं, ओतून द्या. साठलेलं, वरून पिवळट-तपकिरी पडलेलं फेरस सल्फेट घेऊ नका. आठ-दहा दिवसांनी दुसरी फवारणी. लोह पानातून पानात सरकत नसल्याने एका फवारणीनंतर आलेली नवी पानं पुन्हा पिवळी दिसू शकतात. त्याचा अर्थ औषध चाललं नाही असा होत नाही. यात कीटकनाशक मिसळू नका. दाणेदार फेरस सल्फेट नुसतं जमिनीत टाकणं या सामूला वाया. द्यायचंच तर पेरणीआधी एकरी १० किलो, १०० किलो शेणखतात आठ-दहा दिवस मुरवून, ओळीत. चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून सेंद्रिय रेणूत पकडलेलं) घेताना पाकिटावर कोणतं चिलेट ते वाचा: ईडीटीए साडेसहाच्या वर लोह सोडून देतं, डीटीपीए साडेसातच्या आसपास, ईडीडीएचए मात्र नवाच्या पुढेही धरून ठेवतं. जमिनीतून द्यायला तुमच्याकडे फक्त शेवटचं उपयोगी. ते महाग, द्राक्ष-संत्र्याला परवडेल, सोयाबीनला क्वचितच. ईडीटीए फवारणीला ठीक.

पुढच्या खरिपात डीएपी बंद करून बघा. एक पोतं सुपर फॉस्फेट ८ किलो स्फुरद आणि साडेपाच किलो गंधक देतं; सोबत सुरुवातीला १५ किलो युरिया पुरे. दोन चाड्यांच्या पेरणी यंत्राने खत बियाण्याच्या ५ सेंटिमीटर बाजूला आणि खाली. झिंक सल्फेट एकरी १० किलो, दोन-तीन वर्षांतून एकदा. स्फुरदाच्या विद्राव्य खतासोबत एका टाकीत घातलं तर तळाशी साका बसेल. रुंद वरंबा-सरीवर पेरणी झाली तर अर्धा प्रश्न तिथेच मिटतो, माझ्या मते या शेताचा सर्वांत चांगला खर्च तो. शेणखत दोन-तीन टन मिळालं तरी चालेल, पण पूर्ण कुजलेलं. कच्चं असेल तर जिवाणू नत्र ओढतात आणि हुमणी फुकट येते.

जीवामृताबद्दलही विचारणा होतेच. २०० लिटरमध्ये १० किलो शेण, ५-१० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन असं धरलं तर एकूण नत्र पाव किलोच्याच आसपास भरतं. खत म्हणून त्याकडे बघू नये. गुळाने जिवाणूंना थोड्या काळासाठी चारा मिळतो. ओलावा आणि आच्छादन असेल तर त्याला अर्थ, उघड्या तापलेल्या मातीवर नाही.

रब्बीत या रानात हरभरा घेणार असाल तर ती चांगली निवड आहे. पानांवरची आंब आपल्याला माहीत आहे, मॅलिक आम्लाची. मुळंही सायट्रेट, मॅलोनेट असे पदार्थ सोडतात आणि ते नुसतं आम्ल म्हणून नाही, कॅल्शियमला बांधून साठलेलं स्फुरद मोकळं करतात. तुरीचं मूळ पिस्सिडिक आम्लाने लोहाला बांधलेलं स्फुरद सोडवतं. हे हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९० मध्ये दाखवलं. ते लाल, लोहयुक्त जमिनीत जास्त कामाचं, तुमच्या रानात हरभराच सरस. त्याला हरभऱ्याचं रायझोबियम लावा, डीएपी देऊ नका. मात्र पेरताना चार ओळी रायझोबियमशिवाय आणि चार ओळी सुपर फॉस्फेटसह अशा खुंट्या ठोकून सोडा, आणि चाळीसाव्या दिवशी दोन्हीकडच्या गाठी वर सांगितल्याप्रमाणे खणून मोजा. पुढच्या वर्षी दुकानात काय मागायचं ते त्या मोजणीवरून ठरवा.